तोफेचं तोंड माहेराकडं

"जमादार, ही तोफ कुठं बघतेय?" राणीसाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "नदीच्या मुखाकडं, राणीसाहेब."

"आणि मुखाच्या पलीकडं काय आहे?"

मी तोफेची नळी पुसू लागलो. शेजारी आमचे सरकार उभे होते. त्यांनी एकाएकी आकाशातल्या घारींमध्ये लक्ष घातलं.

"पलीकडं माझं माहेर आहे," राणीसाहेब म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी मिळून तोफेचं तोंड माझ्या माहेराकडं केलंय."

बेचाळीस सालचा एप्रिल. जपानी कोलंबोवर बॉम्ब टाकून गेले होते आणि सगळ्या किनाऱ्याची झोप उडाली होती. आमचं नागवे संस्थान म्हणजे एवढंसं. श्रीमंत उदाजीराव सरकार वाड्याच्या गच्चीवर शिंकले, तर निम्म्या प्रजेनं हातातलं काम थांबवून 'सत्य आहे' म्हणावं. पण संस्थान म्हटलं की संरक्षण आलंच. लष्करानं आम्हाला पहिल्या युद्धातल्या दोन जुन्या तोफा, थोडे गोळे आणि एक मेजर पर्किन्स नावाचा साहेब पाठवला. साहेब दोन दिवस राहिला, आमरस प्याला, पोट बिघडवून परत गेला. तोफा राहिल्या.

मी डोंगरी तोफखान्यातून निवृत्त होऊन गावी नारळ मोजत बसलो होतो. बंदुकीहून मोठं काही हाताळलेला संस्थानात मीच एकटा. सरकारांनी मला बोलावलं, खांद्यावर शेला टाकला आणि म्हणाले, "जमादार सुर्वे, आजपासून आमचा तोफखाना तुम्ही."

आता ही दोन तोफांची कसरत बघा. नागवे म्हणजे समुद्रात घुसलेलं एक टोक. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला तारकी नदी, आणि मागं एक चिंचोळी खिंड, जी आम्हाला बाकीच्या हिंदुस्थानाशी जोडून ठेवायची. शत्रू यायच्या वाटा तीन, तोफा दोन. त्यातून प्रत्येकाला तोफ आपल्या दाराशी हवी. दिवाणांचं म्हणणं, एक खजिन्यापाशी ठेवा. खजिन्यात तेव्हा काय होतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हसलो नाही. सरकारांचं म्हणणं, एक वाड्याच्या पायऱ्यांशी ठेवावी. "डावीकडं कारंजं आहेच. उजवी बाजू फार बोडकी दिसते हो."

मी खिंड सोडून दिली. तिथून येणारा जपानी आधी सगळा मुलूख ओलांडून आलेला असणार, म्हणजे तोवर आपलं काही उरलेलं नसणार. एक तोफ टोकावर, समुद्राकडं तोंड करून. दुसरी बंदरावरच्या कातळावर, म्हणजे नदीत शिरणारं गलबत बरोबर माऱ्यात येईल. जागा अशी नामी होती की तोफखान्यातले माझे जुने साहेब असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. खोट एकच. त्या कातळावरून मुखावर नेम धरला, की नेमाच्या रेषेत, पाण्याच्या पलीकडं, कारवण्याचा वाडा यायचा. कारवणे ही राणीसाहेबांच्या बंधूंची, श्रीमंत जानरावांची, जहागीर.

"राणीसाहेब," मी म्हणालो, "गोळा तिथवर जायचाच नाही. गलबत मधेच येणार ना."

"आणि नाही आलं तर?"

"तर गोळाच नाही सोडणार."

"मग शत्रू येईपर्यंत तिचं तोंड वर करून ठेवा," राणीसाहेब म्हणाल्या. "आला की खाली करा. तेवढा वेळ द्यायला काय हरकत आहे त्याला?"

सरकारांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी निमूट फावडं मागवलं. तोफेच्या शेपटाखाली खड्डा खणला, शेपूट खाली गेलं, तोंड वर झालं. आठवडाभर आमची तोफ ढगांवर नेम धरून उभी होती. गावातल्या बायका पाणी भरायला जाता-येता विचारायच्या, "काय जमादार, पाऊस पाडताय?"

मग साहेबाची तार आली. प्रत्येक तोफेतून सरावाचा एक गोळा सोडा आणि कळवा.

राणीसाहेब सकाळी देवळात गेल्या होत्या. सरकार म्हणाले, "जमादार, आत्ताच उरकून घ्या. देवळातली घंटा चालू आहे तोवर."

मी तोंड खाली आणलं. मुखाच्या मधोमध म्हातारीचा खडक म्हणून एक काळा दगड आहे, त्यावर नेम धरला. गोळा कवायतीचा, आत दारू नाही, नुसतं लोखंड. दोरी ओढली. आवाज असा झाला की दिवाणांच्या हातातली पानाची तबकडी पाण्यात गेली.

खडक चुकला. गोळा अलीकडं पाण्यावर आपटला आणि पोरं दगडाच्या भाकऱ्या काढतात तसा उडाला. एक भाकरी. दुसरी भाकरी. तिसरी भाकरी झाल्यावर सरकारांनी डोळे मिटून घेतले.

त्या वेळी श्रीमंत जानराव न्हाणीघरात पाटावर बसून तोंडाला साबण लावत होते. गोळा एका भिंतीतून आत आला, पाण्याचा तांब्याचा बंब घेऊन दुसऱ्या भिंतीतून बाहेर गेला आणि मागच्या शेणखईत जाऊन विसावला. जानरावांना खरचटलंही नाही. पण त्यांनी डोळ्यांतला साबण पुसून पाहिलं, तर समोर भिंत असायची तिथं समुद्र होता, आणि समुद्रातल्या होड्यांमधून बारा-पंधरा कोळी त्यांच्याकडं बघत होते.

घंटा केव्हाच थांबली होती. राणीसाहेब बंदरावर आल्या तेव्हा त्यांच्या हातात देवळातला प्रसाद तसाच होता.

"माझ्या भावाला अंघोळ करताना मारायला निघालात?"

"मारायला नाही हो," सरकार काकुळतीला आले. "हा नुसता सराव होता."

"सराव! म्हणजे खरं मारणं पुढंच आहे."

त्या तशाच पायऱ्या उतरल्या, तरीवाल्या लखूच्या होडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चल." लखूनं सरकारांकडं पाहिलं. सरकारांनी बोलायला तोंड उघडलं, पण आमच्या सरकारांचं असं होतं, की बायकोपुढं त्यांना वाक्य सुचेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असे. इथं तर ती नदीत गेली.

दुसऱ्या दिवशी लखू चेमटलेला बंब घेऊन आला. सोबत जानरावांचा निरोप. "मेहुण्यांना सांगा, लढाई करायची तर समोरासमोर करा. आमच्याकडंही तोफ आहे."

तोफ होती खरी. जानरावांच्या पणजोबांची, रणचंडी नावाची. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि बाकी वर्षभर ती देवळाच्या अंगणात पडून असायची. जानरावांनी ती वीस माणसं लावून ओढत आणली आणि वाड्यापुढच्या वडाखाली आमच्याकडं तोंड करून मांडली. दारू भरायला गेले, तर तोफेत खुडूक कोंबडी.

"मग?" सरकारांनी लखूला विचारलं.

"मग काय, राणीसाहेब म्हणाल्या, अंड्यांवरनं कोंबडी उठवायची नाही. थांबलेत पिल्लं निघेपर्यंत."

म्हणजे पिल्लं निघेपर्यंत युद्ध तहकूब होतं. आम्ही त्या काळात जपान्यांची वाट कमी आणि कोंबडीची बातमी जास्त बघत होतो. एके दिवशी लखूनं सांगितलं की पिल्लं निघाली. त्याच दुपारी दिवाणांनी आपला बिछाना खिंडीपलीकडं हलवला.

सरकार मात्र हलले नाहीत. राणीसाहेब गेल्यापासून ते रोज संध्याकाळी बंदरावर येऊन तोफेशेजारी खुर्ची टाकून बसत, ते तसंच चालू राहिलं. हातात माझी दुर्बीण. ती काही समुद्राकडं वळायची नाही. कारवण्याच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर सहा खिडक्या होत्या. सरकार डावीकडून सुरुवात करायचे, उजवीकडं पोचायचे आणि पुन्हा डावीकडं.

"दिसल्या का?" मी विचारायचो.

"कोण?" सरकार म्हणायचे. "आम्ही शत्रू बघतोय."

मी म्हणायचो, "सरकार, इथं बसू नका. समोरची तोफ नेमकी या खुर्चीवर रोखलीय."

"रोखू द्या. जानरावांचा नेम लहानपणापासून वाईट आहे. आमच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या त्या भटजींना लागल्या."

मधे कंटाळा आला म्हणून की काय, त्यांनी तोफ शिकायला घेतली. ज्यांचं धोतरही दुसरा माणूस नेसवायचा ते सरकार हाताला ग्रीस लावून माझ्यासोबत खाली बसायचे. हे काय, ते कशाला, हे काढलं तर काय होतं. मला बरं वाटायचं. वाटायचं, माणूस दुःखातून बाहेर येतोय.

आणि मग ती संध्याकाळ आली. भरती लागली होती, सूर्य पाण्यापासून दोन हात वर. दक्षिणेकडून, किनाऱ्याला घासून, एक लांबुडकं राखाडी जहाज मुखाकडं वळलं. त्यावर निशाण दिसेना. सूर्य त्याच्या मागं, त्यामुळं सगळं काळंकाळं. टोकावरची आमची दुसरी तोफ बापडी सरळ समुद्राकडं बघत होती. हे जहाज तिच्या नजरेआडून आलं.

"जपानी!" कुणीतरी ओरडलं आणि बंदर रिकामं झालं. होड्या सोडून कोळी पळाले, लखू पळाला, माझे दोन मदतनीस पळाले. एकानं जाताना माझी चप्पल घातली.

सरावानंतर पुन्हा खड्ड्यात टाकलेलं शेपूट मी वर ओढलं, ते कसं ओढलं माझं मला माहीत नाही. खरा गोळा भरला. जहाज म्हातारीच्या खडकापाशी आलं. असा नेम आयुष्यात एकदाच मिळतो. मी "जय भवानी" म्हणून दोरी ओढली.

काही झालं नाही.

पुन्हा ओढली. तोफेतून आवाज आला तो नुसता एवढाच, कुणी खिशात किल्ल्या हलवाव्यात तसा. मी मागची झडप उघडली. गोळ्याच्या बुडाला ठोकर देणारी जी पोलादी पिन असते, बोटाएवढी, तिच्या जागी भोक होतं.

सरकार हळूहळू खुर्चीसकट मागं सरकत होते.

"सरकार," मी म्हणालो, "पिन कुठाय?"

"आहे ना."

"कुठं?"

"आमच्या उशीखाली."

समोर शत्रू, तोफेत गोळा, आणि तोफेची पिन राजाच्या उशीखाली!

"का, सरकार? का?"

"अहो जमादार," ते जमिनीकडं बघत म्हणाले, "तुम्ही पाण्यावर नेम धरता आणि गोळा न्हाणीघरात जातो. त्या तिथं राहतात सध्या."

यावर तोफखान्याच्या नियमात उत्तर नाही. मी समोर पाहिलं. आता नागव्याचं राज्य मेहुण्यांच्या रणचंडीच्या हाती होतं. पण तीही गप्प होती. जहाज त्यांच्या अगदी नाकासमोर आलं तरी धूर नाही, आवाज नाही. मी सरकारांच्या हातून दुर्बीण घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खिडक्या सोडून खाली, वडाखाली लावली.

रणचंडीच्या नळीवर राणीसाहेब बसल्या होत्या. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, डोक्यावर छत्री, हातात अडकित्ता. सुपारी कातरत होत्या. तोफेमागं जानराव पेटता काकडा घेऊन नाचत होते. एकदा जहाजाकडं हात करायचे, एकदा बहिणीपुढं हात जोडायचे. राणीसाहेब मान हलवून पुढची सुपारी घेत होत्या.

मी दुर्बीण सरकारांना दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"तोफेवर बसल्यात," ते म्हणाले.

"होय, सरकार."

"तोफेत दारू असेल?"

"पिल्लं निघाल्याला चार दिवस झाले. असणारच."

"आणि जानरावांच्या हातात काकडा."

एवढं म्हणून सरकार पायऱ्या उतरून धावले. आमच्या सरकारांना मी धावताना पाहिलं ते तेव्हाच. त्यांना होडीची इतकी धास्ती, की तरीत बसायचं तर आधी लिंबू चोखायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तेव्हा लिंबू नाही, लखू नाही, काही नाही. ते लखूच्या होडीत उतरले आणि उलट्या बाजूला तोंड करून बसले. मी मागोमाग उडी मारून वल्हं हातात घेतलं.

मधोमध आलो तेव्हा जहाज आमच्यावरच येत होतं. त्याच्या लाटेनं होडी अशी वरखाली झाली की सरकारांनी दुपारचं जेवण तारकी नदीला अर्पण केलं. मग तोंड पुसून ते होडीत उभे राहिले, दोन्ही हात वर करून जपान्यांवर ओरडले, "थांबा! अहो, जरा थांबा! आमची मंडळी आहेत तिथं! त्यांना उतरू द्या, मग काय ते करा!"

जहाज थांबलं. कठड्यावरून एक लालभडक तोंड बाहेर आलं.

"गुड इव्हनिंग, महाराज!" मेजर पर्किन्स म्हणाला.

लष्कराला गस्तीसाठी नवीन बोट मिळाली होती. साहेब न कळवता तपासणीला आला होता. रंग ओला म्हणून निशाण लावलं नव्हतं.

मी वल्हं खाली ठेवलं. माझी पिन जागेवर असती, तर मी त्या संध्याकाळी एक इंग्रज मेजर, त्याची बोट आणि आपलं पेन्शन एकाच गोळ्यात बुडवलं असतं.

साहेबाची बोट आणि आमची होडी कारवण्याच्या धक्क्याला लागली. साहेब खूश होता. मला तोफखान्यातलं इंग्रजी येत होतं, म्हणून मधे मीच. तो म्हणाला, सबंध किनारा मी हिंडलो, जो तो मला बघताच घाबरून गोळ्या झाडतो. दोन ठिकाणी टोपीला भोक पडलं. ओळख पटेपर्यंत तोफ रोखून धरायची, पण उडवायची नाही, ही शिस्त पाहिली ती इथंच. आणि जागा! एक तोफ या काठावर, एक त्या काठावर, दोघींचा मारा मुखावर एकमेकींना छेदतो. एकीच्या टापूतून सुटलेलं गलबत दुसरीच्या टापूत सापडतं. मोठ्या बंदरांवर असं जमलं नाही. ही रचना कुणाची?

मी सरकारांना विचारलं, "साहेब विचारतात, ही रचना कशी सुचली?"

सरकारांचा चेहरा अजून हिरवट होता. "सांगा त्यांना," ते म्हणाले, "कौटुंबिक आहे."

आणि ते वडाकडं चालू लागले. मी मागोमाग गेलो, कारण ते तोल जाऊन पडतील असं मला वाटत होतं. जानरावांच्या हातातला काकडा बोटांपर्यंत जळत येऊन विझला होता. राणीसाहेब तोफेवरच बसून होत्या.

"उतरा खाली," सरकार म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं वाक्य वेळेवर आलं. "आमची तोफ उडणार नाही. पिन काढून ठेवलीय आम्ही."

"मला कुठं माहीत होतं?" राणीसाहेब म्हणाल्या. "आणि तुमच्या तोफेची भीती नाही वाटली मला. ती चुकते. हिची भीती वाटली." त्यांनी बसल्या जागी रणचंडीवर हात आपटला. "दादानं दारू भरल्यापासून बसतेय. रोज दिवस कलला की तुम्ही तिकडं खुर्ची टाकता, अगदी हिच्या नाकासमोर. गावात दुसरी जागा नव्हती बसायला?"

"रोज?" सरकार म्हणाले.

"तुम्ही उठून जाईपर्यंत."

"पण आम्ही रोज बघत होतो," सरकारांचा आवाज बारीक झाला. "सगळ्या खिडक्या बघत होतो."

"मी दुर्बिणीकडं बघून दोनदा छत्रीसुद्धा हलवली. म्हटलं, बघूनही न बघितल्यासारखं करतायत. राग गेला नाही अजून."

जानराव इतका वेळ आमच्याकडं पाठ करून उभे होते. ते म्हणाले, "मेहुणे, हिला उतरवा आणि घेऊन जा. चार दिवस सुपारी कातरतेय. घरातला डबा संपला."

राणीसाहेबांनी खाली पाय टेकवायचा प्रयत्न केला आणि पुन्हा वर घेतला. "पायांना मुंग्या आल्यात. चौरंग आणा कुणीतरी."

चौरंग आणायला घरात कुणी नव्हतं. नोकरमाणसं जपान्यांच्या भीतीनं रानात होती. सरकारांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग ते तोफेजवळ गेले, गुडघ्यांवर हात ठेवून ओणवे झाले आणि म्हणाले, "या."

"अहो, लोक बघतायत!"

"बघू द्या. उतरताय की आम्ही वर येऊ?"

राणीसाहेबांनी छत्री मिटून भावाच्या हातात दिली. एक पाऊल सरकारांच्या पाठीवर ठेवलं, मग दुसरं. सरकार कण्हले पण हलले नाहीत.

साहेब धक्क्यावरून हे सगळं टोपी काढून बघत होता. त्यानं मला हळूच कोपर लावून विचारलं, हा कसला विधी चाललाय?

तोफखान्यात असताना शिकलेला एकच शब्द मला त्या जागी बसता दिसला. मी सांगितलं, "साहेब, तह होतोय."